‘झायलोकेनची अ‍ॅलर्जी’: एका शेऱ्याची उलटतपासणी

(रुग्णाची ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

वय ५८. लघवीतून दोनदा रक्त गेलं, दुखलं मात्र अजिबात नाही. बरीच वर्षं सिगारेट ओढलेली, त्यामुळे फुप्फुसं थकलेली. एक जिना चढला की धाप लागायची. रक्तदाबासाठी अम्लोडिपिनची एक गोळी चालू. वॉर्डात सगळे त्यांना काका म्हणत, इथेही तेच म्हणू.

सिगारेट ओढणाऱ्या माणसाच्या लघवीत न दुखता रक्त दिसलं की मूत्राशयात दुर्बीण घालून बघावंच लागतं. हे काम सहसा ‘लोकल’वर होतं. मूत्रमार्गात भूल देणारं जेल सोडायचं, थोडा वेळ थांबायचं आणि मग बारीक दुर्बीण आत सरकवायची. पूर्ण भूल लागत नाही, रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

काकांच्या जुन्या फाइलीत एक कागद होता. बऱ्याच वर्षांपूर्वी दाढ काढताना बधिर करण्याचं इंजेक्शन दिल्यावर त्यांना घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खुर्चीतच ते मिनिटभर बेशुद्ध झाले. दंतवैद्यांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘झायलोकेन अ‍ॅलर्जी?’ शेवटी प्रश्नचिन्ह होतं. पुढे हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी कुणीतरी तो शेरा केसपेपरवर उतरवून घेतला आणि प्रश्नचिन्ह मागे राहिलं. हर्नियाचं ऑपरेशन पाठीत इंजेक्शन देऊन, बुपिवाकेन या बधिर करणाऱ्या दुसऱ्या औषधावर झालं. त्रास काहीच झाला नाही. दोन दिवस लघवीची नळी होती. ती काढल्यावर जांघेत आणि पोटावर खाजरं पुरळ उठलं, ते ‘चिकटपट्टीमुळे’ असेल म्हणून सोडून दिलं गेलं.

दुर्बिणीच्या आधी मूत्रविकारतज्ज्ञांनी हा शेरा वाचला होता. दुर्लक्ष केलं नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, “चक्कर आली होती, बाकी काही नाही.” मग हातावर कातडीत लिग्नोकेनचा (झायलोकेन हे त्याचंच बाजारातलं नाव) टेस्ट डोस दिला, वीस मिनिटं थांबले. लाली नाही, गांध नाही. तेव्हा ‘चालेल’ असं ठरलं.

या टेस्ट डोसकडे आपण परत येणार आहोत. तो चुकीचा नव्हता. त्याला विचारलेला प्रश्न अपुरा होता.

काय घडलं

शिरेतून सेफट्रायॅक्सोन हे अँटिबायोटिक दिलं. नंतर जवळपास पन्नास मिनिटांनी टेबलावर घेतलं. कातडी पोव्हिडोन आयोडिननं पुसली. लिग्नोकेनचं जेल मूत्रमार्गात सोडलं, दहा मिनिटं थांबून दुर्बीण घातली. मूत्राशयाच्या डाव्या भिंतीवर सुमारे दीड सेंटिमीटरची, देठावर वाढलेली गाठ दिसली. बाकी भिंत स्वच्छ होती. दुर्बीण बाहेर आली तेव्हा जेल सोडून वीसेक मिनिटं झाली असतील.

काका तळहात एकमेकांवर घासत होते. सिस्टरनी विचारलं तर म्हणाले, “खाज येतेय जरा.” पाठोपाठ पोटात मुरडा आला, “मला संडासला जायचंय,” म्हणत ते टेबलावरून उतरायला लागले. सिस्टरनी खांद्यावर हात ठेवला. “काका, उठू नका. पडूनच राहा, भांडं देते मी.” आणि दुसऱ्या हाताने बीपीचा पट्टा बांधला. बीपी ७४/४०.

त्या एका वाक्याचं मोल वाचकांना चटकन कळणार नाही म्हणून भूलतज्ज्ञ या नात्याने सांगतो. तीव्र, जिवावर बेतणाऱ्या अ‍ॅलर्जीत (अ‍ॅनाफायलॅक्सिस) रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तातलं पाणी भराभर बाहेर झिरपतं आणि हृदयाकडे परत येणारं रक्त आटतं. अशा वेळी माणूस ताडकन उभा राहिला तर हृदयाला ढकलायला रक्तच उरत नाही. अ‍ॅनाफायलॅक्सिसमध्ये संडासच्या दारात कोसळलेले रुग्ण भूलशास्त्रात सगळ्यांना ठाऊक आहेत. पोटातला मुरडा हे आतड्यांनी दिलेलं अ‍ॅलर्जीचंच लक्षण असतं, आणि तेच माणसाला उठून चालायला लावतं.

पुढच्या काही मिनिटांत चेहरा लाल झाला, पोटावर आणि मांड्यांवर गांधी उठल्या, ओठ सुजले, छातीत घरघर सुरू झाली. नाडी १३२. ऑक्सिजन ८७ टक्के.

पहिली नऊ मिनिटं

खाज सुरू झाल्यापासून अ‍ॅड्रिनालिन (बीपी वर आणणारं, श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध) देईपर्यंत नऊ मिनिटं गेली. त्या नऊ मिनिटांत तीन वळणं आली.

पहिलं वळण निदानाचं. “व्हेगल असेल, अ‍ॅट्रोपिन काढा,” असं एक जण म्हणाला. म्हणजे घाबरून आलेली भोवळ असेल, नाडी वाढवणारं औषध द्या. मूत्रमार्गात दुर्बीण घातल्यावर घाबरून भोवळ येणं, बीपी पडणं हे नेहमीचं, त्यामुळे शंका अगदी रास्त होती. पण त्या भोवळीत नाडी मंदावते, कातडी पांढरीफटक आणि गार पडते. इथे नाडी १३२ होती, माणूस लालबुंद होता. सिस्टरनी मॉनिटरकडे बोट दाखवलं आणि अ‍ॅट्रोपिन तिथेच थांबलं. रक्तात लिग्नोकेन जास्त झाल्याचीही शक्यता मनात यायला हवी. त्यात तोंडाभोवती बधिरपणा येतो, जिभेवर धातूसारखी चव येते, कानात आवाज येतात, माणूस असंबद्ध बोलतो आणि मग झटके येतात. यातलं काही नव्हतं. उलट गांधी आणि घरघर होती, आणि औषधाच्या अतिमात्रेने गांधी उठत नाहीत.

दुसरं वळण औषधाचं. पहिल्यांदा एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड शिरेतून गेलं. ‘रिअ‍ॅक्शन आली की एव्हिल-हायड्रोकॉर्ट’ हे हाताला इतकं सवयीचं झालंय की विचार न करता सिरिंज भरली जाते. ही औषधं चुकीची नाहीत, पण प्राण वाचवणारी नाहीत. एव्हिल खाज आणि गांधी कमी करतं. पडलेलं बीपी आणि आवळलेल्या श्वासनलिका त्याच्या आवाक्याबाहेर. स्टेरॉइडला परिणाम दाखवायलाच काही तास लागतात. अ‍ॅड्रिनालिनच्या सिरिंजवर हात अडला तो भीतीने: वय ५८, बीपीची गोळी चालू, सिगारेटचा इतिहास, हृदयावर ताण आला तर? ही भीती मी फार ठिकाणी पाहिली आहे. शिरेतून भसकन दिलेल्या अ‍ॅड्रिनालिनला घाबरावंच. पण मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत दिलेला अर्धा मिलिग्रॅम हा वेगळा विषय आहे. आणि बीपी ७४ वर राहिलं तर हृदयाला बसणारा फटका त्या इंजेक्शनपेक्षा कितीतरी मोठा.

तिसरं वळण अवघ्या काही सेकंदांचं. श्वास लागतोय म्हणून कुणीतरी टेबलाची डोक्याकडची बाजू वर केली. बीपी यंत्राला सापडेना. लगेच परत आडवं केलं, पाय उंच केले. फक्त श्वासाचाच त्रास असेल तर बसवणं योग्य. बीपी पडलेलं असताना नाही.

मला ओटीतून बोलावलं गेलं तोवर सिस्टरनी एक हजारात एक ताकदीच्या अ‍ॅड्रिनालिनचं अ‍ॅम्प्युल फोडून ठेवलं होतं. ०.५ मिलि मांडीत दिलं. मास्कने भरपूर ऑक्सिजन, दोन्ही हातांना जाड सुई आणि सलाईन मोकळं सोडलं. पाच मिनिटांनी बीपी ८२, घरघर तशीच. दुसरा अर्धा मिलिग्रॅम दिला, साल्ब्युटामॉलचा नेब्युलायझर लावला. दोन लिटर सलाईन जाता जाता बीपी ११० च्या घरात आलं. काकांनी डोळे उघडून पहिलं काही विचारलं असेल तर, “माझी गाठ दिसली का?”

रात्रभर अतिदक्षता विभागात ठेवलं. काही रुग्णांत लक्षणं ओसरून तासांनी पुन्हा उसळतात, म्हणून. तसं काही झालं नाही.

रक्ताची एक बाटली

गडबड शमल्यावर एक काम करायचं राहून जातं ते इथे राहिलं नाही. घटनेनंतर साधारण दीड तासाने ट्रिप्टेजसाठी रक्त घेतलं. अ‍ॅलर्जीत मास्ट पेशी (अ‍ॅलर्जीची द्रव्यं साठवणाऱ्या पेशी) फुटतात आणि ट्रिप्टेज हे द्रव्य रक्तात सांडतं. एक ते दोन तासांत घेतलेलं रक्त सर्वांत बोलकं. चार तासांनंतर उशीर होतो. मग २४ तास उलटल्यावर दुसरा नमुना, तो त्या माणसाची नेहमीची पातळी सांगतो. काकांचा पहिला आकडा ३१ मायक्रोग्रॅम प्रति लिटर, नंतरचा ४.६. हिशेब असा की नेहमीच्या पातळीच्या १.२ पट करून त्यात २ मिळवायचे. इथे ते साडेसात होतात. ३१ त्याच्या कितीतरी वर. म्हणजे मास्ट पेशी खरोखर फुटल्या होत्या, ही भोवळ नव्हती.

पण ट्रिप्टेज ‘काय झालं’ ते सांगतं. ‘कशामुळे’ ते सांगत नाही. आणि डिस्चार्ज कार्डावर कारण लिहून मोकळं होण्याची आपल्याला घाई असते. काकांच्या कार्डावर लाल शाईने आलं: ‘लिग्नोकेनची तीव्र अ‍ॅलर्जी. सर्व लोकल अनेस्थेटिक औषधं टाळावीत.’

सगळ्यांना हे पटलंही. जुना शेरा होताच, त्यावर आता शिक्का बसला. हातावरचा टेस्ट डोस निगेटिव्ह आला होता त्याचं काय? ‘टेस्ट डोसवर विसंबता येत नाही,’ एवढ्यावर ते निकालात निघालं.

समोरचे पर्याय

गाठ काढणं आवश्यक होतं. मूत्रमार्गातूनच दुर्बिणीने ती खरवडून काढायची, तपासायला पाठवायची. प्रश्न भुलीचा.

मूत्रविकारतज्ज्ञांचं म्हणणं सरळ होतं: पूर्ण भूल द्या, लिग्नोकेनच्या वाटेलाच जाऊ नका, दोन आठवड्यांत उरकून टाकू. ऐकायला सर्वांत सुरक्षित. मला त्यात दोन अडचणी दिसत होत्या. एक तर काकांची फुप्फुसं. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला तर ती फुप्फुसं आपल्या गतीने चालत राहतील. पूर्ण भुलीत नळी घालून यंत्रावर श्वास दिला तर नंतर ती नळी निघताना, खोकताना, कफ काढताना त्रास होणार. पण पाठीतलं इंजेक्शनही लोकल औषधाचंच असतं. लाल शाईने तो रस्ता बंद केला होता.

दुसरी अडचण अधिक गंभीर, आणि ती माझ्या म्हणण्याचा गाभा होती. समजा कारण लिग्नोकेन नसेलच तर? तर पूर्ण भूल देऊन आपण निर्दोष औषध टाळू आणि खरं कारण पुन्हा शरीरात सोडू. या वेळी तर काका झोपलेले असतील. खाज सुटली तर सांगणार कोण? पोटात मुरडा आला तर? चादरीखाली उठलेल्या गांधी दिसणार नाहीत. पहिलं लक्षण म्हणजे थेट कोसळलेलं बीपी असेल, आणि भुलीच्या औषधांनीही बीपी उतरतंच, म्हणून त्यात आणखी वेळ जाईल.

संशयाला आधार होता. लिग्नोकेन, बुपिवाकेन ही अमाइड गटातली औषधं, आणि त्यांची खरी अ‍ॅलर्जी अतिशय दुर्मीळ. लोकलनंतर होणाऱ्या त्रासांपैकी एक टक्काही तिच्या वाट्याला येत नाही. बाकीचे सारे भोवळ, धास्ती, औषधात मिसळलेल्या अ‍ॅड्रिनालिनने होणारी धडधड किंवा शिरेत चुकून गेलेलं औषध. लोकलच्या अ‍ॅलर्जीची जुनी ख्याती एस्टर गटातली. १९०५ साली वापरात आलेलं प्रोकेन शरीरात मोडलं की त्यातून पॅरा-अमिनोबेन्झोइक आम्ल तयार होतं, त्याची अ‍ॅलर्जी लोकांना होई. स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये लिग्नोकेन तयार केलं, १९४८ मध्ये ते बाजारात आलं आणि त्याने प्रोकेनची जागा घेतली. औषध बदललं, भीती मात्र वारशाने पुढे आली.

पर्याय तीन राहिले. पूर्ण भुलीवर लगेच ऑपरेशन. एस्टर गटातलं एखादं औषध पाठीत देऊन बघणं (मला हा पर्याय अंधारात उडी वाटला, कारण कारणच माहीत नव्हतं). किंवा थांबून चाचण्या. थांबायचं तर किती? अशा घटनेनंतर मास्ट पेशी रिकाम्या झालेल्या असतात. त्या भरायला चार ते सहा आठवडे जाऊ द्यावे लागतात, नाहीतर चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. गाठ मात्र महिनोन् महिने ठेवण्यासारखी नव्हती. बोलाचाली झाली, थोडी तापलीही. शेवटी चार आठवडे भरले की लगेच चाचण्या आणि निकाल हातात येताच पहिल्या तारखेला ऑपरेशन, असं ठरलं. चार आठवड्यांनी अशा गाठीचं फारसं बिघडत नाही, हे मूत्रविकारतज्ज्ञांनीच मान्य केलं म्हणून हे जमलं. गाठीतून रक्त वाहत राहिलं असतं किंवा लघवी तुंबली असती तर आधी चाचण्या करून पॉझिटिव्ह आलेलं मानायचं, निगेटिव्ह आलेल्यावर विश्वास ठेवायचा नाही, असा निम्मा तोडगा काढावा लागला असता.

संशयितांची यादी

चाचणी कशाची करायची हे ठरवायला त्या तासाभरात काकांच्या अंगाला जे जे लागलं त्याची यादी हवी होती. केसपेपरवर ती पूर्ण नसते. केसपेपरवर औषधं असतात. पुसायचे बोळे, हातमोजे, जेल, चिकटपट्ट्या यांची नोंद कुणी करत नाही. म्हणून ज्या सिस्टरनी काकांना टेबलावर अडवलं होतं त्यांच्याबरोबर बसून मिनिटामिनिटाने आठवत गेलो. त्यांनी वापरलेल्या प्रत्येक वस्तूचं रिकामं वेष्टन त्याच ट्रॉलीवरून आणून दिलं.

जेलची ट्यूब हातात घेतली. समोर ठळक अक्षरांत लिग्नोकेन, दोन टक्के. कडेला, जिथून वेष्टन फाडायचं त्या शिवणीजवळ, नखाएवढ्या जागेत दुसरी ओळ होती. फाडताना त्या ओळीचे दोन तुकडे होतात. दोन्ही तुकडे जुळवून वाचलं: क्लोरहेक्सिडिन.

जंतू मारण्यासाठी ते जेलमध्ये घातलेलं असतं. १९५४ पासून वापरात असलेलं, उत्तम जंतुनाशक. आणि शस्त्रक्रियेच्या आसपासच्या अ‍ॅनाफायलॅक्सिसच्या कारणांत वरच्या क्रमांकावर. ब्रिटनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या सहाव्या राष्ट्रीय भूल-परीक्षणात अ‍ॅन्टिबायोटिक आणि स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांच्या खालोखाल तिसरा क्रमांक क्लोरहेक्सिडिनचा होता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कातडीवर लावायच्या क्लोरहेक्सिडिनच्या तीव्र अ‍ॅलर्जीबद्दल २०१७ मध्ये स्वतंत्र इशारा दिला. तरीही ते लपून राहतं, कारण आपल्या लेखी ते ‘औषध’ नाहीच. पुसण्याच्या बोळ्यांत असतं, हात चोळायच्या द्रावणात, सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेत घालायच्या) नळीवरच्या लेपात, सुईवरच्या काही पट्ट्यांत आणि चूळ भरायच्या औषधात.

चूळ भरायच्या औषधात! काकूंना फोन करून विचारलं. हो, दाढ काढल्यापासून अधूनमधून काका ते वापरत. “जीभ चुरचुरते म्हणायचे, एकदा ओठही सुजला होता. तिखटामुळे असेल वाटलं.” नळी काढल्यावर उठलेलं पुरळही आता वेगळं दिसायला लागलं. हर्नियाच्या वेळी नळी घालताना असंच जेल वापरलं असण्याची शक्यता भरपूर, पण तेव्हाच्या कागदांवर जेलचा उल्लेखच नाही.

वेळेचा मेळही बसत होता. शिरेतून दिलेल्या औषधाची अ‍ॅनाफायलॅक्सिस बहुधा काही मिनिटांत येते. सेफट्रायॅक्सोनला सव्वा तास होऊन गेला होता. मूत्रमार्गाच्या आतल्या नाजूक आवरणातून शोषलं जाणारं द्रव्य मात्र पंधरा-वीस मिनिटं, कधी जास्तही घेतं.

चाचण्या

चाचण्यांआधी काही दिवस अ‍ॅलर्जीच्या सगळ्या गोळ्या बंद. जिथे अ‍ॅड्रिनालिन, ऑक्सिजन आणि ते वापरणारी माणसं हाताशी आहेत अशाच ठिकाणी चाचण्या घेतल्या. हातावर एका ओळीत थेंब ठेवले आणि टोचलं: साधं सलाईन, हिस्टामिन, औषध टिकवणारं द्रव्य न घातलेलं लिग्नोकेन, बुपिवाकेन, सेफट्रायॅक्सोन, लॅटेक्स, पोव्हिडोन आयोडिन आणि निर्जंतुक क्लोरहेक्सिडिन, ५ मिलिग्रॅम प्रति मिलि. सलाईनने काही उठू नये, हिस्टामिनने उठावं. हे दोन्ही झालं नाही तर बाकीच्यांचं काहीच खरं मानता येत नाही.

दहा मिनिटांतच क्लोरहेक्सिडिनच्या जागी खाज सुटली. वीस मिनिटांनी मोजलेली गांध ७ मिलिमीटर, भोवती लाल कडं. बाकी औषधांच्या जागा सपाट. एका चाचणीवर अवलंबून राहायचं नाही म्हणून रक्तातली क्लोरहेक्सिडिनविरोधी आयजीई (अ‍ॅलर्जी घडवणारी प्रतिपिंडं) हीसुद्धा पाहिली. तीही पॉझिटिव्ह.

यानंतर लिग्नोकेन आणि बुपिवाकेन दहापट पातळ करून कातडीच्या आत टोचलं. निगेटिव्ह. मग खरी परीक्षा: लिग्नोकेन कातडीखाली थोडं, अंतराने जास्त, शेवटी दातासाठी लागतं तेवढं. दुसऱ्या दिवशी तसंच बुपिवाकेन. काका गप्पा मारत बसले होते. काहीही झालं नाही.

म्हणजे दुर्बिणीच्या दिवशीचा तो टेस्ट डोस खरं बोलला होता. त्यात साधं लिग्नोकेन होतं आणि काकांना लिग्नोकेन चालत होतंच. जेलमध्ये मात्र दोन द्रव्यं होती. रोज सर्रास सगळ्यांना टेस्ट डोस देण्याच्या मी विरोधात आहे, त्याने खोटा दिलासा मिळतो, आणि घाबरलेल्याला त्याच सुईने भोवळ आली की आणखी एक खोटा शेरा तयार होतो. पण निगेटिव्ह आलेल्या चाचणीला नंतर खोटी ठरवताना, आपण टोचलं ते आणि वापरलं ते एकच होतं का, एवढं तरी बघायला हवं होतं.

दाढेच्या वेळी काय झालं होतं? घाम, अंधारी, मिनिटभर बेशुद्धी, आडवं केल्यावर शुद्ध. खाज नाही, सूज नाही. बहुधा निव्वळ भोवळ.

ऑपरेशन

आदल्या दिवशी ओटीतली प्रत्येक वस्तू वेष्टन वाचून बाजूला काढली. कातडीसाठी पोव्हिडोन आयोडिन, सुई घालण्याआधी पुसायला साधं स्पिरिट. जेल दुसऱ्या बनावटीचं, फक्त लिग्नोकेनचं. हात चोळायच्या बाटल्या खोलीबाहेर. दारावर कागद लावला.

एवढं करूनही एक गोष्ट निसटलीच होती. लघवीच्या नळीचा तयार संच उघडताना सिस्टरनी आतली छोटी पुडी उलटून पाहिली. तिच्यात जेलची वेगळी सिरिंज होती, आणि तिच्यावर क्लोरहेक्सिडिन. बाहेरच्या खोक्यावर त्याचा उल्लेख नव्हता. संच बाजूला टाकला, सुटी नळी घेतली.

सेफट्रायॅक्सोन चाचणीत निर्दोष ठरलं होतं, तरी ते काका जागे असताना, इतर काहीही देण्याआधी, एकटं दिलं आणि थांबलो. दोन नव्या गोष्टी एकाच वेळी दिल्या नाहीत, म्हणजे काही झालंच तर कशाने हे कळेल. मग पाठीत ०.५ टक्के हेवी बुपिवाकेन. काका ऑपरेशनभर जागे होते, पडद्यावर स्वतःची गाठ बघत होते.

निष्पत्ती

गाठ वरवरची निघाली, स्नायूत शिरलेली नव्हती. पण अशी गाठ पुन्हा उगवू शकते, त्यामुळे तीन महिन्यांनी आणि पुढे ठरावीक अंतराने दुर्बीण घालत राहणं आलं. म्हणजे ते जेल काकांच्या आयुष्यात वारंवार येणार होतं. जुना लाल शेरा राहिला असता तर कुणीतरी ‘लिग्नोकेन नको’ म्हणून नुसतं जंतुनाशक जेल वापरलं असतं. तीन महिन्यांची दुर्बीण साध्या लिग्नोकेन जेलवर निर्वेध झाली.

काकांना पत्र दिलं. त्यात काय टाळायचं, ते कुठे कुठे लपलेलं असतं आणि काय चालतं, तिन्ही लिहिलं. चालणाऱ्या औषधांची नावं लिहायला लोक विसरतात. पुढच्या दंतवैद्याला नेमकी तीच लागतात. घरातली चुळीची बाटली काकूंनी टाकून दिली. औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदणीकडे अहवाल गेला, त्यात जेलच्या वेष्टनावरच्या छपाईबद्दलही लिहिलं.

वेगळं काय करता आलं असतं

अ‍ॅड्रिनालिन पाच-सहा मिनिटं आधी जाऊ शकलं असतं. त्यासाठी ज्ञान कमी पडलं नाही, भीतीच्या जोडीला ट्रॉलीची मांडणी आडवी आली: वरच्या कप्प्यात एव्हिल-हायड्रोकॉर्ट, अ‍ॅड्रिनालिन खाली, इतर अ‍ॅम्प्युल्सच्या गर्दीत. आता ते वरच्या कप्प्यात, सिरिंज-सुईसह, मात्रा लिहिलेल्या चिठ्ठीसोबत असतं. एव्हिल खाली गेलं.

डिस्चार्ज कार्डाबद्दल माझं मत ठाम आहे. घटनेच्या दुसऱ्या दिवशी कुणालाच कारण माहीत नसतं. ‘अ‍ॅनाफायलॅक्सिस, कारण अनिश्चित, संपर्कात आलेली द्रव्यं पुढीलप्रमाणे, चाचणी बाकी’ असं लिहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. एका नावावर बोट ठेवलं की शोध तिथेच थांबतो. चाचणी होईपर्यंत यादीतलं सगळंच टाळायचं, हे त्या ओळीतून आपोआप येतं.

दाढेचा शेरा लिहिणाऱ्याने लक्षणं लिहायला हवी होती. ‘इंजेक्शननंतर दोन मिनिटांत घाम, नाडी मंद, पुरळ नाही’ एवढ्या शब्दांवरून पुढच्या कुठल्याही डॉक्टरने ती भोवळ ओळखली असती. आणि अ‍ॅलर्जी विचारताना ‘कुठल्या औषधाची?’ एवढंच विचारलं तर चुळीचं औषध, बोळा, पट्टी यांची आठवण कुणालाच होत नाही. ‘काहीही लावल्यावर, पुसल्यावर, तोंडात धरल्यावर खाज-सूज?’ असं विचारलं असतं तर ओठ सुजल्याचं काकूंनी आधीच सांगितलं असतं.

एका मुद्द्यावर आमचं अजून एकमत नाही. क्लोरहेक्सिडिनचं जेल ठेवावंच का? मूत्रविकारतज्ज्ञ म्हणतात, जंतुसंसर्ग टाळायला ते हवं. माझं म्हणणं, एका छोट्या दुर्बिणीसाठी तेवढा फायदा मला दिसत नाही. तूर्त साधं जेल समोरच्या फळीवर असतं आणि दुसरं मागून घ्यावं लागतं. घेताना केसपेपरवर त्याचं पूर्ण नाव लिहायचं, दोन्ही द्रव्यांसकट. काकांच्या जुन्या दंतवैद्यांच्या फाइलीतला शेरा मात्र तसाच आहे, कारण तो दवाखाना बंद झाला. हर्नियाच्या ठिकाणच्या संगणकात नवीन नोंद चढवली. जुनी खोडायची सोय त्यात नाही, म्हणून दोन्ही एकाखाली एक दिसतात.